न वाचता टाइप केलेलं पत्र

सिंदेवाही
४ ऑगस्ट २००२

धम्मदीप,

जयभीम. खुशाली मागून विचारीन, आधी भांडून घेते.

नागपूरच्या दवाखान्यात पंख्याखाली बसून ‘ताई, तुझ्या कॉम्प्युटरवर रशियन टाइप कराची सोय करून घे, दहा मिनिटांचं काम आहे’ असं लिहाले तुले काय जाते? उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. तुझं दहा मिनिटांचं काम माझ्या टाइपिंग इन्स्टिट्यूटमधी नऊ दिवस चाललं. तिकडं अकरा मशीनींवर पोरी खडखड करून राह्यल्या, अन् त्यांची मॅडम कॉम्प्युटरपुढं तोंड पाडून बसली. त्यांच्यासमोर माझी काय इज्जत राह्यली?

तू लिहिलं तसंच केलं. कंट्रोल पॅनल उघडलं, कीबोर्डच्या चौकटीत गेली, भाषांच्या यादीतून रशियन काढलं, ओके दाबलं. त्यानं सीडी मागितली. सीडी कुठी? ज्यानं कॉम्प्युटर बसवून दिला त्या चंद्रपूरच्या दुकानदारापाशी. एसटीनं गेली. तो दात काढून म्हणते, मॅडम, रशिया तर केव्हाचाच फुटला, आता त्याची भाषा कशाले? म्हटलं, माझा भाऊ तिथी सात वर्षं राहून डॉक्टर झाला, तू सीडी काढ. त्यानं काढून दिली ती विंडोज पंच्याण्णवची, माझ्याकडं अठ्ठ्याण्णव. घरी येऊन लावली तेव्हा कळलं. पुन्हा एसटी, पुन्हा तोच माणूस, तेच दात. मंग एकदाची घड्याळाजवळ निळी चौकट आली. आल्ट अन् शिफ्ट संगं दाबलं की त्यात ईएनचं आरयू होते, मंजे इंग्रजीचं रशियन.

पडद्यावर अक्षरं आली म्हणून मी खुश झाली, तर प्रिंटरनं कागदावर नुसते कौलं अन् चौकोन काढले. त्याच्या पोटातली अक्षरं वेगळी असतात म्हणे. तेही निस्तरलं. कसं ते विचारू नको, माझं डोकं पुन्हा फिरेल.

अन् हे सगळं झाल्यावर मी बटणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या नाई. चिठ्ठ्या पाहून टाइप करणारीले मी माझ्या क्लासात बसू देत नाई, तर मी स्वतः कशी करू? एफ दाबला की आ, जे दाबला की ओ, इथून सुरुवात केली. बोटांवर पुठ्ठ्याचं झाकण ठेवून रोज एक ओळ. सहा दिवसांत बोटांले घरं सापडली. मिनिटाले चाळीस शब्दांची परीक्षा मी उगाच पहिल्या नंबरानं पास झाली नाई.

टाइप कराचा रशियन मजकूर मात्र तू छान लिहून पाठवला. एकेक अक्षर सुटं, छापील वळणाचं, कुठी खाडाखोड नाई. तुझं अक्षर लहानपणापासून कोंबडीचे पाय, म्हणून मले नवल वाटलं. माझ्यासाठी एवढी मेहनत घेतली म्हणून बरंही वाटलं. तीन वर्षांत तुझं दोन पानांचं पत्र पहिल्यांदा आलं, मंग ते कामासाठी का असेना.

आईचं बरं आहे. रिनाच्या घरून परवा निरोप आला, तुझ्या लग्नाची एकोणतीस डिसेंबर पक्की म्हणून. भद्रावतीची माणसं साधी आहेत अन् पोरगी गुणाची आहे. तू तरी एकदा आईपाशी येऊन बस, लग्नाच्या गोष्टी फोनवर होत नाईत.

तुझी ताई
विशाखा


सिंदेवाही
१७ ऑगस्ट २००२

धम्मदीप,

जयभीम. काम झालं. दीड पान, एकही चूक नाई. तुझ्या कागदाशी दोनदा ताडून पाहिलं, उलटं वाचूनही पाहिलं. आमच्या गुरुजींची ती शिकवणच होती. डोळे कागदावर, बोटं बटणावर, अन् डोकं घरी ठेवून याचं. जो मजकूर वाचाले लागला त्याची स्पीडही गेली अन् शुद्धताही गेली.

तू म्हटलं तशी खाली सही केली, इन्स्टिट्यूटचा गोल शिक्का मारला, अन् इथल्याच पोस्टातून पाकीट टाकलं. पत्ता एका बाईच्या नावाचा दिसते, तुमच्या कॉलेजच्या ऑफिसातली क्लार्क असेल. मेडिकल कौन्सिलले रशियातून कागद पाहिजे अन् त्यासाठी घरच्या माणसाचं पत्र पाहिजे, हा कुठला कायदा ते तुमचं तुमाले माहीत.

एक विचारते. पहिल्या ओळीत माझं नाव आहे, तेवढं मले आता वाचता येते. तुझं नाव तीनदा आलं. अन् मधी चौदा आकडा आहे, महिन्यासंगं. ते काय आहे? सहज विचारलं. उत्तर आलं तर न उघडता तुले पाठवीन, काळजी करू नको.

ताई


सिंदेवाही
१२ नोव्हेंबर २००२

धम्मदीप,

आज जयभीम लिहाले हात उचलत नाई.

उत्तर आलं. पाकिटावर माझं नाव होतं, तुझं नाई. न उघडता पाठव म्हणून तू दोनदा फोनवर सांगितलं होतं, अन् चौदा आकड्याचं विचारलं तर तारीख आहे, फॉर्मची, म्हणून उडवून लावलं होतं. पाकीट हातात जाड लागलं म्हणून मी उघडलं. खरं सांगते, जाड होतं म्हणूनच उघडलं. आत तीन पानं हातानं लिहिलेली अन् एक फोटो. फोटोत टेबलावर तुझी तसबीर, काळी फीत लावलेली, पुढं पाण्यासारखं काही भरलेला पेला, त्यावर पावाचा तुकडा. बाजूले एक सहा वर्षांची पोरगी. तिच्या भुवया आपल्या बाबाच्या. बाबा धान संशोधन केंद्राच्या रोपवाटिकेत उन्हात उभे राहून कपाळाले आठ्या घालत, तशीच ती पाहून राह्यली.

मी इन्स्टिट्यूटले कुलूप लावलं अन् चंद्रपूरची एसटी पकडली. बाबूपेठेत उमाजी कुळमेथे म्हणून आहेत, कोळसा खाणीत मजुरांवर देखरेख करणारे जुने ओव्हरमन. सरकारनं त्यांना रशियाच्या खाणीत दीड वर्ष शिकाले पाठवलं होतं. आपल्या बाबाच्या ओळखीचे. त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान वाचलं अन् थांबले. मले म्हणाले, “विशाखाबाई, धम्मदीप कधी वारला? आमाले कसं कळवलं नाई?”

मी म्हटलं, “माझा भाऊ जिता आहे.”

त्यांच्या घरातून पाणी आलं, ते मी प्याली. माझ्या पर्समधी तुझ्या मजकुराची माझी प्रत होती, तीही त्यांच्यापुढं ठेवली. मी टाइप केलेलं, माझ्या सहीचं, माझ्या शिक्क्याचं पत्र मले दुसऱ्यानं वाचून दाखवलं. त्यात काय होतं ते तुले माहीतच आहे, पण त्यातलं मुख्य तेवढं मी लिहूनच देते. मंजे तुले म्हणता येणार नाई की ताईले कळलं नव्हतं.

‘मी धम्मदीपची मोठी बहीण विशाखा. दुःखानं कळवते की चौदा जुलैले मोटरसायकलच्या अपघातात तो गेला. आमच्या रीतीप्रमाणं सगळं पार पडलं. आमची आई आजारी आहे, तिले या गोष्टीची आठवणही सहन होत नाई. म्हणून कृपा करून यापुढं पत्र लिहू नका, फोन करू नका, अन् इकडं येण्याचा विचार सोडून द्या. तुमच्या मुलीले सुखी ठेवा.’

हे मी टाइप केलं. उलटं वाचून ताडून पाहिलं. एकही चूक केली नाई.

तुझी बायको आहे, धम्मदीप. स्वेतलाना. पंच्याण्णव साली तिकडच्या सरकारी ऑफिसात तुमचं लग्न लागलं. शहाण्णव साली पोरगी झाली, तिचं नाव तूच माया ठेवलं. सत्त्याण्णव साली बाबा गेले तेव्हा ‘परीक्षा आहे, येता येत नाई’ म्हणून तार केली, तेव्हा ती पोरगी रांगत होती. नव्याण्णवले तू तिले सांगून आला की वर्षभरात बोलावतो. तीन वर्षं ती पत्रं लिहून राह्यली, दवाखान्याच्या पत्त्यावर. यंदा तिनं स्वतःच तिकीट काढाचं ठरवलं तेव्हा तुले मराची घाई झाली.

अन् तिनं मले काय लिहिलं, ऐक. तिनं माझं सांत्वन केलं. मले ‘बहिणी’ म्हटलं. तिच्याकडं मेलेल्याचा चाळीसावा दिवस पाळतात. माझं पत्र पोचलं तवा तो दिवस उलटून गेला होता, म्हणून त्यांनी पत्र आलं त्या दिवसापासून चाळीस मोजले. पोरीनं स्वतः पाव कापून ठेवला. तिच्या वर्गात बाईंनी सगळ्या लेकरांले उभं केलं. आता तिचं एकच मागणं आहे. बापाले जिथी माती दिली त्या जागेचा फोटो पाठवा, पोरगी सारखी विचारते.

कुठला फोटो काढू? सांग मले. सिंदेवाहीच्या मसणात कोणती जागा तुझी म्हणून दाखवू?

केसानं गळा कापणं ऐकलं होतं, भावानं बहिणीच्या बोटांनी कापलेला आज पाहिला. तुले टाइपिस्ट पाहिजे होता तर नागपूरले गल्लोगल्ली आहेत. पण तुले बहिणीची सही पाहिजे होती, खेड्याच्या पोस्टाचा शिक्का पाहिजे होता, अन् अशी बाई पाहिजे होती जी अक्षर न अक्षर उतरवेल अन् अर्थ विचारणार नाई. म्हणून तर सुटी सुटी अक्षरं काढून दिली. मले वाटलं, माझ्यासाठी मेहनत घेतली.

विशाखा


सिंदेवाही
२० नोव्हेंबर २००२

धम्मदीप,

तुझा फोन आला तेव्हा एसटीडीवाल्याच्या दुकानात चार माणसं उभी होती, म्हणून मी गप्प राह्यली. आता लिहिते.

पत्र वाचून पहिली गोष्ट तू काय बोलला? ‘दुसऱ्याचं पत्र काऊन उघडलं?’ चोराच्या उलट्या बोंबा. पाकिटावर माझं नाव होतं, लेका. मी गेल्या जन्मीची मेलेली असती तरी ते पत्र माझंच राह्यलं असतं.

दुसरी गोष्ट, ‘तिकडं असं चालते, तिकडच्या बायका वर्षभरात दुसरं लग्न करतात, तुले खेड्यात बसून काय समजते.’ नसेल समजत. पण तीन वर्षं दवाखान्याच्या पत्त्यावर पत्रं लिहिणारी बाई मले समजते. मीही तुले सात वर्षं लिहिली.

तिसरी गोष्ट, ‘मी कोणाचा जीव घेतला नाई, उलट तिले मोकळं केलं.’ याच्याजोगी शिवी शोधून ठेवीन.

अन् चौथी, ‘आईले सांगू नको, तिले सहन होणार नाई.’ हे वाक्य मी ओळखलं. ते तू माझ्याकडून एकदा रशियनमधी टाइप करून घेतलं आहे. म्हणून मी त्याच दिवशी आईले सांगितलं.

दुपारची ती दारात बसून तांदूळ निवडत होती. मी जवळ बसली अन् सगळं सांगितलं, एकही गोष्ट गाळली नाई. फोटो दिला. तिनं सूप खाली ठेवलं, हात लुगड्याले पुसले, फोटो डोळ्याजवळ नेला. मले वाटलं रडेल. रडली नाई. पोरीचं नाव विचारलं. वय विचारलं. माया, माया, असं दोनदा म्हणून पाहिलं. मंग विचारलं की पोरीच्या मायले जातपात विचारून का टाकलं, का गोरी आहे म्हणून टाकलं, का काहीच विचार न करता टाकलं? मी म्हटलं, मले माहीत नाई, रिना मिळाली म्हणून टाकलं असेल. आईनं फोटो पदरानं पुसला. मंग म्हणाली, “मी जिती असताना माह्या लेकाचं मरन माह्याच घरून धाडलं.”

रोज सकाळी आई पंचशील म्हणते हे तुले आठवते का? लहानपणी तिच्या मांडीले टेकून तूही म्हणायचा, चौथ्या शीलावर नेहमी अडखळायचा, अन् बाबा हसत. खोटं बोलणार नाई, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या दिवशी सकाळी आई तिथवर आली अन् थांबली. मले म्हणाली, हे मी कोणत्या तोंडानं म्हनू, माह्या घरातून खोटं गेलं आहे ते आधी परत आन.

तेव्हा आता नीट वाच. मी स्वेतलानाले खरं लिहिणार आहे. उमाजीभाऊ सांगतील, मी टाइप करीन. अन् रिनाले तू स्वतः सांगाचं आहे. तुझं तिकडचं लग्न मोडलेलं नाई, हे तिले लग्नाआधी कळलं पाहिजे. एक तारखेपर्यंत थांबते. दोन तारखेले मी भद्रावतीले जाईन.

मी धमकी देऊन नाई राह्यली. मी तुले तारीख सांगून राह्यली.

विशाखा


सिंदेवाही
३ डिसेंबर २००२

धम्मदीप,

एक तारीख गेली. तू सांगितलं नाई. उलट तिच्या वडिलांले फोन करून ‘ताईच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, एकटी बाई आहे ना, काही बोलली तर मनावर घेऊ नका’ असं सांगून ठेवलं. वा रे डॉक्टर. आधी स्वतःले मारलं, आता बहिणीले येडी केलं.

काल मी भद्रावतीले गेली. रिनाच्या वडिलांनी दारातच माझ्या तोंडाकडं असं पाहिलं, जसं आपण ताप आलेल्या लेकराकडं पाहतो. चहा दिला. मी म्हटलं, मले रिनाशी बोलाचं आहे. ती कॉलेजातून आली, नर्सिंगच्या पोरींले शिकवून, हातात वह्यांचा गठ्ठा. मी काही बोलली नाई. माझं टाइप केलेलं पत्र, खाली उमाजीभाऊंनी मराठीत लिहून दिलेला अर्थ, अन् तो फोटो, असं तिच्यापुढं ठेवलं.

तिनं सावकाश वाचलं. वडिलांले वाचाले दिलं. मंग मले विचारलं, “ताई, हे टाइप केलं तेव्हा तुमाले काहीच वाटलं नाई?”

मी गुरुजींची शिकवण सांगाले तोंड उघडलं, अन् सांगू शकली नाई. कारण ते खरं नाई. तुले मी इतके दिवस शिव्या घालून राह्यली, आता माझंही ऐक. मले वाटलं होतं. माझं नाव, तुझं नाव तीनदा, मधी तारीख. ज्या पत्रात माणसाचं नाव अन् तारीख अशी येते, तशी पत्रं मी इंग्रजीत, मराठीत कितीतरी टाइप केली आहेत. बोटांले कळलं होतं काहीतरी. म्हणून तर तुले सहज म्हणून विचारलं. तू उडवलं अन् मी उडवू दिलं. तीन वर्षांनी भावाले माझी गरज पडली होती, त्या खुशीत मले अर्थ नको होता. उमाजीभाऊ तेव्हाही बाबूपेठेतच राहत होते. सीडीसाठी दोनदा चंद्रपूरले गेली, मजकूर घेऊन एकदाही त्यांच्याकडं गेली नाई. हे मी रिनाले सांगितलं, तुलेही सांगते.

रिना उठली, मले पाण्याचा गिलास दिला अन् वडिलांले म्हणाली की पत्रिका छापखान्यातून परत घ्या. एवढंच. आरडाओरडा कोणी केला नाई. तुले बोल लावला तोही तिच्या आईनं आतल्या खोलीत, मले ऐकू येऊ नये असा. मले वाटलं होतं की मोठं काही केल्यासारखं वाटेल. बसस्टँडवर उभी राहून मले फक्त तिच्या हातातल्या वह्या आठवत राह्यल्या.

आज स्वेतलानाले पत्र टाइप केलं. उमाजीभाऊ स्वतः सिंदेवाहीले आले, माझ्या बाजूले खुर्ची टाकून बसले. ते एक शब्द सांगतात, मी त्याचा अर्थ विचारते, मंगच बोट हलवते. गुरुजी असते तर मले क्लासातून हाकललं असतं. दीड पानाले अख्खा दिवस लागला. ‘माझा भाऊ जिता आहे’ हे त्यांच्या भाषेत तीनच शब्दांचं आहे. तेवढं टाइप केलं, पण पुढं काय लिहाचं ते उमाजीभाऊंलेही सुचत नव्हतं. शेवटी आईनं सांगितलं तसं लिहिलं. पहिलं पत्र माझ्या हातचं आहे पण माझं नाई, चूक माझी आहे, आमी माफी मागतो, तुमच्या दोघींसाठी हे घर आहे.

आईनं खाली आपल्या हातानं सही केली. अंजनाबाई श्रावण रामटेके. प्रौढ शिक्षणात शिकली होती तेवढंच तिले लिहिता येते.

विशाखा


सिंदेवाही
९ फेब्रुवारी २००३

धम्मदीप,

तुझं पत्र मिळालं. या वेळी मराठीत आहे, तुझ्या खऱ्या अक्षरात, म्हणून वाचाले अर्धा दिवस लागला. तू म्हणते, चूक झाली. तू म्हणते, रिना गेली, दवाखान्यात सगळ्यांले कळलं, तोंड दाखवाले जागा नाई, अन् आता रात्रंदिवस पोरीचा चेहरा डोळ्यापुढं येते. मायाचा फोन नंबर पाहिजे. स्वेतलाना तुझं पत्र घेत नाई, तसंच परत येते. म्हणून ताई, तू दे.

स्वेतलानाचं उत्तर मले जानेवारीत आलं, ते मी तुले कळवलं नव्हतं. आता तिचे शब्द जसेच्या तसे देते.

‘तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तो जिवंत आहे हे कळून मले आनंद झाला नाई, अन् याची मले लाज वाटली. तुमच्यावर माझा राग नाई. पण मी मायाले सांगणार नाई. तिनं चाळीस दिवस बापाचं दुःख केलं आहे, आता कुठी ती पुन्हा शाळेत हसू लागली. आता मी तिले काय सांगू? की बाप मेला नव्हता, त्याले तू नको होती? मेलेल्या बापावर तिले आयुष्यभर प्रेम करता येईल. तुमाले विनंती आहे, तिले जे माहीत आहे तेच राहू द्या. पण तिले एक आजी आहे अन् एक आत्या आहे, हे मी तिले सांगितलं. तिले फार नवल वाटलं. तुमाले चालत असेल तर तिच्याशी बोला.’

मी हे वाचून चिडली, लपवत नाई. म्हटलं, पुन्हा खोटंच? मंग एवढा जीव कशासाठी काढला? त्या पत्रासाठी घर, लग्न, इज्जत सगळं उधळलं, अन् शेवटी ती बाई म्हणते ते खोटं तसंच राहू द्या. मी पंधरा दिवस तिच्याशी मनातल्या मनात भांडली. आईले म्हटलं, तू तर म्हणाली होती खोटं परत आन.

आई म्हणाली, “खोटं काय ते पोरीच्या मायपाशी सांगून देल्लं ना आपन? आता ते तिचं. ती पोरीसाठी ठेवून राह्यली, तो सोतासाठी ठेवत होता. पोरीची माय जसं म्हनते, तसं.”

म्हणून नंबर माझ्यापाशी आहे, अन् तो मी तुले देणार नाई. तू नागपूरहून इथी येऊन माझ्या दारात बसला तरी देणार नाई. तुले पश्चात्ताप झाला असेल, मी नाई म्हणत नाई. पण तुझ्या पश्चात्तापासाठी त्या पोरीनं पुन्हा चाळीस दिवस कशाले मोजाचे? ती मोठी झाली, तिच्या मायनं सांगितलं, अन् तिनं स्वतः विचारलं, तर त्या दिवशी मी तुझा पत्ता माझ्या हातानं टाइप करून देईन. तोवर तू सही केली नसली तरी तुझ्या मरणाचं ते पत्र तुझंच आहे. तू निभाव.

मागच्या रविवारी आमी बाबूपेठेत उमाजीभाऊंच्या घरून फोन लावला. आधी स्वेतलाना बोलली, मंग पोरगी आली. आवाज बारीक आहे, पण एक एक शब्द ठासून बोलते. आई फोन दोन्ही हातांनी धरून बसली होती, उमाजीभाऊ त्याच लाइनीवरचा दुसरा फोन कानाले लावून मधी दोन्हीकडं अर्थ सांगत होते. मायानं विचारलं, पापा लहानपणी कसा होता?

मी आईकडं पाहिलं. मले वाटलं आता आई अडेल, चौथ्या शीलावर अडली होती तशी. पण आई अडली नाई. तिनं सांगितलं, तू तळ्याच्या पाळीवर बसून शेजारच्या लेकरांले पाढे शिकवायचा. बाबाले ताप आला तेव्हा रातभर पाय चेपत बसला होता. पहिला नंबर आला त्या दिवशी मिठाई आधी मले, ताईले, आणून दिली होती. सगळं खरं आहे, एकही गोष्ट खोटी नाई. पण पाटाखाली लपवलेलं प्रगतिपुस्तक, माझ्या नावावर खपवलेली फुटकी बरणी, बाबाच्या वेळची तार, यातलं काहीच आईनं सांगितलं नाई. अर्धा घंटा ती तुझं नुसतं चांगलंच सांगत राह्यली, जसं गेलेल्या माणसाबद्दल सांगतात तसं.

विशाखा